वाचकांचे प्रश्न : छोट्या वेबसाइटसाठी शेअर्ड होस्टिंग निवडताना

एकाच सर्व्हरवर शेकडो ग्राहकांच्या वेबसाइट ठेवायच्या आणि त्या सर्व्हरचा प्रोसेसर, मेमरी, डिस्क व बहुधा आयपी पत्ताही सर्वांनी वाटून घ्यायचा, ही शेअर्ड होस्टिंगची व्यवस्था. छोट्या वेबसाइटला ती परवडते आणि पुरतेही. मात्र कंपन्यांमध्ये निवड कशी करावी, याविषयी वाचकांकडून सातत्याने विचारणा होत असते. त्यांपैकी काही प्रश्नांची उत्तरे या वेळी एकत्र देत आहे.

प्रश्न : आमच्या चित्रकला वर्गासाठी दहा-बारा पानांची वर्डप्रेस वेबसाइट करायची आहे. पाच कंपन्यांच्या प्लॅनचा तक्ता तयार केला. जागा अमर्याद, बँडविड्थ अमर्याद, एसएसएल मोफत, असे सगळीकडे सारखेच लिहिलेले आहे आणि फरक दिसतो तो फक्त दरमहा किमतीत. मग सर्वांत स्वस्त प्लॅन घेण्यात काय हरकत आहे?

उत्तर : आपल्या तक्त्यातील बहुतेक रकाने काढून टाकावेत असे मी सुचवीन, कारण जाहिरातीत ठळक छापलेल्या गोष्टींनी निवडीला काहीच मदत होत नाही. मोफत एसएसएलचेच, म्हणजे वाचक आणि वेबसाइट यांच्यातली जोडणी सुरक्षित करणाऱ्या प्रमाणपत्राचेच पाहा. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ च्या अखेरीपासून प्रमाणपत्रे सर्वांना विनामूल्य देत आहे, तेव्हा ती देण्यात कोणत्याही होस्टिंग कंपनीचा मोठेपणा नाही. अमर्याद बँडविड्थचेही तसेच. रोज शंभर माणसांनी प्रत्येकी तीन पाने पाहिली आणि एक पान सरासरी २ एमबीचे धरले, तरी महिन्याची वाहतूक १८ जीबीच्या आसपास जाते. ती कोणत्याही साध्या प्लॅनमध्ये बसते. अमर्यादतेची आपल्याला गरजच नाही.

किमतीचा रकाना मात्र ठेवावा, पण त्यात जाहिरातीतला आकडा न लिहिता पाच वर्षांचा एकूण खर्च लिहावा. पहिल्या मुदतीचा दर सवलतीचा असतो आणि नूतनीकरणाचा दर त्याच्या दुप्पट, तिप्पट किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. समजा, पहिली कंपनी ३६ महिन्यांसाठी महिना १०० घेते आणि नंतर ३५०. दुसरी पहिले १२ महिने ८० आणि नंतर ३००. तिसरीचा दर पहिल्यापासून १८० आणि तो बदलत नाही. चलन कोणतेही धरा. पाच वर्षांत पहिलीचे १२,०००, दुसरीचे १५,३६० आणि तिसरीचे १०,८०० होतात. म्हणजे जाहिरातीत सर्वांत महाग दिसणारी कंपनी प्रत्यक्षात सर्वांत स्वस्त ठरते आणि सर्वांत स्वस्त दिसणारी सर्वांत महाग. नूतनीकरणाचा दर बहुधा पैसे भरण्याच्या पानावर बारीक अक्षरांत किंवा अटींमध्ये असतो. तो कुठेच सापडला नाही, तर ग्राहक सेवेकडून लेखी मागवावा. तरीही मिळाला नाही, तर ती कंपनी यादीतून वगळावी.

आता अमर्याद जागेबद्दल. सेवा-अटींमध्ये फाइलसंख्येची मर्यादा शोधावी. तिला आयनोड मर्यादा म्हणतात आणि प्रत्येक फाइल, प्रत्येक फोल्डर आणि सर्व्हरवर साठवलेला जवळजवळ प्रत्येक ईमेल तिच्यात एक म्हणून धरला जातो. नुकत्याच बसवलेल्या वर्डप्रेसमध्येच काही हजार फाइल्स असतात, शिवाय वर चढवलेल्या प्रत्येक छायाचित्राच्या वर्डप्रेस निरनिराळ्या आकारांत अनेक प्रती करून ठेवते. त्यामुळे जागा अमर्याद असूनही ‘कोटा संपला’ असा निरोप येऊ शकतो, आणि विद्यार्थ्यांच्या चित्रांची दालने मांडणाऱ्या वेबसाइटला तो इतरांपेक्षा लवकर येईल.

या दोन गोष्टींइतकेच महत्त्व मी तिसऱ्या एका रकान्याला देतो, आणि तुलनेच्या तक्त्यांत तो सहसा नसतो : ही कंपनी सोडायची वेळ आली तर किती सहज सोडता येईल? शेअर्ड होस्टिंगमध्ये आजची चांगली सेवा दोन वर्षांनीही तशीच राहील याची हमी कोणीच देऊ शकत नाही. सर्व्हरवर गर्दी वाढते, मालक बदलतात, दर चढतात. तेव्हा सर्व फाइल्स आणि डेटाबेस आपल्याला हवे तेव्हा, कोणाची परवानगी न मागता उतरवून घेता येतात का, डोमेन, म्हणजे वेबसाइटचे इंटरनेटवरील नाव, आपल्या नावावर आहे का, मुदतीपूर्वी सोडल्यास उरलेले पैसे परत मिळतात का, हे आधी पाहावे. नियंत्रण पॅनेल, म्हणजे होस्टिंगचे खाते सांभाळण्याचे सॉफ्टवेअर, कोणते आहे यालाही इथे अर्थ आहे. सीपॅनेल या पॅनेलवर घेतलेला संपूर्ण बॅकअप सीपॅनेल वापरणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे बराचसा जसाच्या तसा चढवता येतो. सीपॅनेलने २०१९ मध्ये आपले दर सर्व्हरवरील खात्यांच्या संख्येशी जोडल्यानंतर काही कंपन्या डायरेक्टअॅडमिन या दुसऱ्या पॅनेलकडे वळल्या. साइटग्राउंडचे साइट टूल्स किंवा होस्टिंगरचे एचपॅनेल ही त्या त्या कंपनीची स्वतःची पॅनेल आहेत. ती वापरायला वाईट नाहीत, उलट नवख्याला सोपीच वाटतात. पण तिथून निघताना फाइल्स, डेटाबेस आणि ईमेल वेगवेगळे हलवावे लागतील, हे गृहीत धरून निर्णय घ्यावा.

प्रश्न : एक कंपनी ९९.९ टक्के अपटाइमची हमी देते, दुसरी ९९.९९ टक्क्यांची. हा फरक खरोखर जाणवण्याइतका असतो का? तसेच सर्व्हर दुसऱ्या खंडात असला तर वेबसाइट संथ होते का?

उत्तर : तीस दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटे असतात. ९९.९ टक्क्यांच्या हमीत वेबसाइट महिन्याला सुमारे ४३ मिनिटे बंद राहू शकते आणि ९९.९९ टक्क्यांत सुमारे ४ मिनिटे. कागदावर हा फरक दहापट आहे. परंतु हमी मोडली तर काय मिळते, हे वाचल्यावर त्या दशांशाचे वजन उतरते : बहुधा त्या महिन्याच्या शुल्काचा काही भाग पुढील बिलातून वजा होतो, तोही ग्राहकाने मागितल्यावर, आणि पूर्वसूचना देऊन केलेली दुरुस्ती या हिशेबात धरली जात नाही. मूळ शुल्कच थोडे असल्याने भरपाईही नाममात्र राहते. म्हणून मी या आकड्याकडे फारसे पाहत नाही. त्याऐवजी, पैसे परत मिळण्याच्या मुदतीत अपटाइमरोबोटसारखी एखादी देखरेख सेवा लावून ठेवावी, म्हणजे आपल्याच सर्व्हरची नोंद आपल्या हाती येते.

अंतराचा परिणाम मात्र खरा आहे आणि त्याचा हिशेबही करता येतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर दहा हजार किलोमीटरवर असेल, तर जाऊन-येऊन एका फेरीला किमान १०० मिलिसेकंद लागतात, आणि प्रत्यक्षात केबलचा मार्ग सरळ नसल्याने त्याहून अधिक. पहिल्यांदा येणाऱ्या वाचकाच्या ब्राउझरला जोडणी करण्यासाठी एक, सुरक्षित जोडणी ठरवण्यासाठी टीएलएस या सुरक्षा-पद्धतीच्या १.३ या आवृत्तीत आणखी एक आणि पान मागवण्यासाठी एक, अशा तीन फेऱ्या लागतात. म्हणजे सर्व्हरने शून्य वेळात उत्तर दिले, तरी सुमारे ३०० मिलिसेकंद वाटेतच गेले. पानाचा पहिला बाइट ८०० मिलिसेकंदांच्या आत यावा, असे गूगलचे मार्गदर्शन आहे. त्यातला मोठा वाटा नुसत्या अंतराने खाल्ला. सीडीएन, म्हणजे ठिकठिकाणी प्रती ठेवणारे सर्व्हरांचे जाळे, लावल्यास चित्रे आणि स्टाइलच्या फाइल्स वाचकाच्या जवळून येतात, पण वर्डप्रेस दर वेळी नव्याने बनवते ते मूळ पान कॅशमध्ये, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेल्या प्रतींत नसेल, तर लांबच्या सर्व्हरवरूनच येते. तेव्हा आपले बहुसंख्य वाचक जिथे आहेत त्या प्रदेशातील डेटा सेंटर निवडता येते का, हे खाते उघडतानाच पाहावे. नंतर ते बदलायचे तर काही ठिकाणी वेगळे शुल्क पडते.

प्रश्न : परीक्षणे वाचून गोंधळ वाढतो. एका ठिकाणी पहिल्या क्रमांकावर असलेली कंपनी दुसऱ्या ठिकाणी शेवटी असते. विश्वास कोणावर ठेवावा?

उत्तर : परीक्षणातील ‘इथून खरेदी करा’ या दुव्यावरून ग्राहक गेला की लिहिणाऱ्याला कमिशन मिळते, आणि होस्टिंगच्या धंद्यात ही प्रथा फार जुनी व सर्वदूर आहे. त्यामुळे परीक्षण खोटेच असते असे नाही. मात्र कमिशन न देणारी कंपनी अशा यादीत सहसा दिसत नाही, एवढे लक्षात ठेवावे. ज्या परीक्षणात नूतनीकरणाचा दर, मोजलेला प्रतिसाद-वेळ आणि तो किती महिने मोजला हे दिलेले असेल, ते वाचण्याजोगे. नुसते तारे आणि कूपन असतील, तर वेळ दवडू नये.

आणखी एक गोष्ट. वेगवेगळ्या नावांच्या दोन कंपन्यांची तुलना करताना मालक एकच नाही ना, हेही पाहावे. ब्लूहोस्ट आणि होस्टगेटर या दोन्ही एन्ड्युरन्स इंटरनॅशनल या समूहाच्या मालकीच्या होत्या. २०२१ मध्ये तो समूह वेब डॉट कॉमशी एकत्र येऊन न्यूफोल्ड डिजिटल झाला. गोडॅडीने २०१७ मध्ये होस्ट युरोप ग्रुप विकत घेतला, तेव्हा त्या समूहातील अनेक जुनी नावेही तिच्याकडे आली. मालकी बदलणे म्हणजे सेवा बिघडणे असा नियम नाही, परंतु चार वर्षांपूर्वीची स्तुती वाचताना ती तारीख मालकी बदलण्याच्या आधीची आहे की नंतरची, हे तपासलेले बरे.

ग्राहक सेवेची परीक्षा तर आपण स्वतःच घेऊ शकता. खरेदीपूर्वी रात्री उशिरा चॅटवर एक नेमका तांत्रिक प्रश्न विचारावा : ‘या प्लॅनमध्ये एन्ट्री प्रोसेसची आणि मेमरीची मर्यादा किती आहे, आणि पीएचपीच्या कोणत्या आवृत्त्या उपलब्ध आहेत?’ एन्ट्री प्रोसेस म्हणजे काय ते पुढच्या उत्तरात येईल; पीएचपी ही वर्डप्रेस जिच्यावर चालते ती संगणकीय भाषा. उत्तरात आकडे आले तर पलीकडे जाणकार माणूस आहे. ‘आमचे प्लॅन छोट्या व्यवसायांसाठी उत्तम आहेत’ असे आले, तर अडचणीच्या वेळीही तेच ऐकावे लागेल. पीएचपीच्या उत्तरातून कंपनीची शिस्तही कळते. ७.४ या आवृत्तीची अधिकृत सुरक्षा-दुरुस्ती नोव्हेंबर २०२२ मध्ये आणि ८.० ची नोव्हेंबर २०२३ मध्ये थांबली. जी कंपनी नव्या खात्यालाही याच आवृत्त्या देऊ करते, तिच्या सर्व्हरवर इतर काय काय जुने पडून असेल याचा अंदाज बांधता येतो.

प्रश्न : आमच्या क्लबची वेबसाइट एरवी नीट चालते, पण स्पर्धेची नोंदणी उघडली की ‘५०८ रिसोर्स लिमिट इज रीच्ड’ असे पान दिसते. महिनाभरातले वाचक तर हजारही नाहीत. कंपनी मोठा प्लॅन घ्यायला सांगते. घ्यावा का?

उत्तर : लगेच घेऊ नये. हा संदेश प्रामुख्याने क्लाउडलिनक्स ही प्रणाली वापरणाऱ्या सर्व्हरवर दिसतो. एका ग्राहकाच्या गर्दीने शेजारच्यांच्या वेबसाइट बंद पडू नयेत, म्हणून तिथे प्रत्येक खात्याला प्रोसेसर, मेमरी, डिस्कची ये-जा आणि एन्ट्री प्रोसेस यांची वेगवेगळी मर्यादा घातलेली असते. एन्ट्री प्रोसेस म्हणजे एका क्षणी आपल्या खात्यात एकाच वेळी चालू असलेल्या पीएचपीच्या विनंत्या, असे ढोबळमानाने समजावे. ही मर्यादा अनेक ठिकाणी २० असते. ‘महिन्याला इतके वाचक’ या आकड्याचा तिच्याशी काही संबंध नाही. पान अर्ध्या सेकंदात तयार होत असेल, तर वीस जागांतून सेकंदाला चाळीस पाने निघू शकतात, अर्थात प्रोसेसर पुरला तर. तेच पान तयार व्हायला चार सेकंद लागत असतील, तर फक्त पाच. क्लबचे सदस्य ठरलेल्या मिनिटाला एकदम येतात आणि पुढचे पान उघडेना म्हणून रिफ्रेश करत राहतात, तेव्हा वीस जागा भरायला वेळ लागत नाही.

सीपॅनेलमध्ये ‘रिसोर्स युसेज’ हे पान उघडावे आणि नोंदणीच्या दिवसाचा आलेख पाहावा. एन्ट्री प्रोसेसची रेघ मर्यादेला टेकलेली आणि प्रोसेसरची मात्र खाली असेल, तर पीएचपी कशाची तरी वाट पाहत थांबलेली आहे, बहुधा एखाद्या बाहेरच्या सेवेची किंवा संथ डेटाबेसची. प्रोसेसरची रेघ टेकलेली असेल, तर पाने कॅशमध्ये नाहीत. सर्व्हरवर लाइटस्पीड हे वेब सर्व्हर सॉफ्टवेअर असल्यास त्याचे कॅश प्लगइन विनामूल्य आहे. इतरत्रही पर्याय आहेत. नियम, पत्ता, छायाचित्रे यांची पाने कॅशमधून गेली, तर पीएचपीवर भार राहतो फक्त अर्जाच्या पानाचा. अर्जच बाहेरच्या एखाद्या फॉर्म सेवेवर नेला, तर तोही उरत नाही. एवढे करूनही रेघ टेकत असेल, तर मोठ्या प्लॅनचा विचार करावा, आणि तेव्हा त्या प्लॅनमध्ये नेमकी हीच मर्यादा वाढते का, हे विचारून घ्यावे. मोठ्या प्लॅनमध्ये केवळ जागा आणि वेबसाइटची संख्या वाढते, एन्ट्री प्रोसेस तेवढ्याच राहतात, असेही आढळते.

प्रश्न : होस्टिंगबरोबर मिळालेल्या ईमेलवरून पाठवलेली पत्रे स्पॅममध्ये जातात. वेबसाइटवरच्या संपर्क फॉर्मचे निरोप तर कधी कधी पोहोचतच नाहीत. कंपनी बदलावी का?

उत्तर : आधी आपल्या डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेन कोणत्या सर्व्हरकडे जाते हे सांगणाऱ्या नोंदवहीत, एसपीएफ आणि डीकेआयएम या पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या नोंदी आहेत का ते पाहावे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याचे नियम कडक केले आहेत. या नोंदी नसतील, तर नव्या कंपनीकडे जाऊनही फरक पडणार नाही. फॉर्मची अडचण बहुधा वेगळी असते. अनेक फॉर्म भेट देणाऱ्याचा पत्ता ‘प्रेषक’ म्हणून लावतात. म्हणजे आपला सर्व्हर दुसऱ्याच डोमेनच्या नावाने पत्र पाठवतो आणि घेणारा सर्व्हर ते नाकारतो. प्रेषकाच्या जागी आपल्याच डोमेनचा पत्ता ठेवून भेट देणाऱ्याचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये घालावा आणि पत्रे लॉगिन केलेल्या एसएमटीपीमार्गे (ईमेल पाठवण्याची प्रमाण पद्धत) पाठवावीत.

इतके करूनही पत्रे अडकत असतील, तर शेजाऱ्यांपैकी कोणीतरी त्याच आयपी पत्त्यावरून स्पॅम पाठवत असण्याची शक्यता राहते आणि त्यावर आपल्या हातात काही नाही. कामाचा पत्रव्यवहार होस्टिंगवर ठेवूच नये, या मताचा मी आहे. ईमेल स्वतंत्र सेवेकडे असला की तो स्पॅमच्या शेजारापासून सुटतो, आणि होस्टिंग बदलताना त्याला हातही लावावा लागत नाही.

प्रश्न : प्लॅनमध्ये डोमेन एक वर्ष मोफत आहे. घ्यावे का?

उत्तर : शक्यतो घेऊ नये, डोमेन वेगळ्या नोंदणीदाराकडे, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या वेगळ्या कंपनीकडे ठेवावे. मोफत वर्षानंतरचा दर पाहावा लागतो, होस्टिंगचे पैसे परत घेताना डोमेनची किंमत बहुधा कापली जाते, आणि डॉट कॉमसारखे डोमेन नोंदवल्यापासून पहिले ६० दिवस दुसऱ्या नोंदणीदाराकडे सहसा हलवता येत नाही. घेतलेच असेल, तर नोंदणीत मालक म्हणून आपले नाव आणि आपण खरोखर वापरता तो ईमेल आहे याची खात्री करावी.

प्रश्न : कंपनी रोजचा बॅकअप घेते. मग मी वेगळा घेण्याची गरज आहे का?

उत्तर : आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एसबीजी-२ ही इमारत पूर्णपणे नष्ट झाली. ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते, अशा काही ग्राहकांचा मूळ डेटाही गेला आणि बॅकअपही. मोठ्या कंपनीकडे असे घडू शकते, तर लहान कंपनीच्या ‘रोजच्या बॅकअप’चा अर्थ विचारून घ्यायला हवा : तो कुठे ठेवला जातो, किती दिवस राहतो आणि तो परत चढवण्याचे शुल्क पडते का? बहुतेक सेवा-अटींत बॅकअपची अंतिम जबाबदारी ग्राहकाचीच असल्याचे लिहिलेले असते. आठवड्यातून एकदा फाइल्स आणि डेटाबेस दुसऱ्या कंपनीच्या साठवणीत किंवा स्वतःच्या डिस्कवर उतरवावेत, आणि कधीतरी त्यातून वेबसाइट प्रत्यक्ष उभी करून पाहावी. डेटाबेसशिवायचा वर्डप्रेस बॅकअप घेऊन बसलेले लोक कमी नाहीत.

प्रश्न : माझ्या वेबसाइटवर माझा परिचय आणि पंधरा छायाचित्रे एवढेच आहे. त्यासाठी होस्टिंग विकत घ्यावे लागेलच का?

उत्तर : नाही. वेबसाइटला डेटाबेस किंवा पीएचपी लागत नसेल, तर साध्या एचटीएमएल फाइल्स गिटहब पेजेस किंवा क्लाउडफ्लेअर पेजेससारख्या सेवांवर विनामूल्य ठेवता येतात. गिटहब पेजेसवर प्रसिद्ध केलेल्या वेबसाइटचा आकार १ जीबीपर्यंत चालतो. स्वतः फाइल्समध्ये बदल करण्याची तयारी मात्र हवी. आणि पुढे ऑनलाइन विक्री सुरू करायची असेल, तर गिटहब पेजेस त्यासाठी नाही.

प्रश्न : होस्टिंग बदलायचे ठरवले आहे, पण वेबसाइट दोन दिवस बंद राहील अशी भीती वाटते. वेबसाइट बंद न ठेवता हे करता येते का?

उत्तर : येते, घाई मात्र करू नये. जुने खाते चालू ठेवून नव्या कंपनीकडे फाइल्स आणि डेटाबेस चढवावेत. मग आपल्या संगणकावरील होस्ट्स फाइलमध्ये डोमेनपुढे नव्या सर्व्हरचा आयपी पत्ता लिहावा, म्हणजे जग जुनीच वेबसाइट पाहत असताना आपल्याला मात्र नवी दिसते आणि प्रत्येक पान, प्रत्येक फॉर्म निवांत तपासता येतो. प्रत्यक्ष बदलाच्या एक-दोन दिवस आधी डीएनएसमधील टीटीएल, म्हणजे इतरांनी जुना पत्ता लक्षात ठेवण्याची मुदत, ३०० सेकंदांवर आणावा. हे आधी केले नाही, तर काही वाचकांना तासन्‌तास जुना सर्व्हर दिसत राहतो, आणि त्या काळात आलेली नोंदणी किंवा प्रतिक्रिया जुन्या डेटाबेसमध्ये अडकते. म्हणून पत्ता बदलण्याच्या काही मिनिटे आधी जुन्या वेबसाइटवरील फॉर्म व प्रतिक्रिया बंद कराव्यात, डेटाबेसची ताजी प्रत नव्याकडे न्यावी आणि मगच बदल करावा. ईमेल त्याच होस्टिंगवर असेल, तर जुन्या पेट्यांतील पत्रे आयमॅपमार्गे (सर्व्हरवरील पत्रे वाचण्याची व हलवण्याची पद्धत) आधी नव्याकडे उतरवावीत आणि पत्रे कोणत्या सर्व्हरकडे जावीत हे सांगणारी एमएक्स नोंद बदलायला विसरू नये. वेबसाइट सुखरूप हलली पण पत्रे जुन्याच सर्व्हरवर जमा होत राहिली, हा प्रकार सर्रास घडतो. जुने खाते आणखी दोन आठवडे तरी ठेवावे. त्याचे आपोआप होणारे नूतनीकरण मात्र आजच बंद करून टाकावे, कारण अनेक कंपन्या मुदत संपण्याच्या काही दिवस आधीच कार्डावरून पैसे वळते करून घेतात.